आण्णांचं हत्यार

तेराव्याची पहिली पंगत उठली आणि पंच्याला हात पुसत रावसाहेबांनी विचारलं, "कॅमेरा खाली आणलाय का न्हाई?"

शालन जिन्यापाशी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. "वर आहे," ती म्हणाली.

"मग आण की. पावणेरावळे हायत तवर उरकून टाकू. धोंडू, हात धू आन् टोपी घाल."

धोंडीरामनं निमूटपणे टोपी घातली. मामानं सकाळीच दुखवट्याची म्हणून दिलेली ती पांढरी टोपी त्याच्या कानांवर उतरत होती. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरात बसलेला आपला भाऊ त्या टोपीत पाटी-दप्तर घेऊन निघालेल्या पोरासारखा दिसतोय, असं शालनला वाटलं. एरवी ती हसली असती.

उबाळ्यांच्या घरात तेराव्याला गेलेल्या माणसाचं हत्यार पुढच्याच्या हातात द्यायची रीत होती. आजोबा गेले तेव्हा पेरणीचं चाडं रावसाहेबांच्या हातात आलं. आजी गेली तेव्हा जात्याचा खुंटा थोरल्या सुनेच्या हातात. घरातल्या थोरल्यानं हत्याराला हळदकुंकू लावायचं, घेणाऱ्यानं त्याच्या पाया पडून घ्यायचं, आणि एकदा घेतलं की त्या हत्याराबद्दलचा शब्द त्याचाच. धाकट्या भावाच्या, सिद्रामच्या, म्हणजे शालनच्या आण्णांच्या हातात कुणी काही दिलं नव्हतं. एकाच हत्याराचे दोन वाटे होत नाहीत. म्हणून तर तो माढ्याहून सोलापुरात आला, मिलमध्ये लागला, आणि विलायतेला परत निघालेल्या मिलच्या साहेबाकडून त्यानं चावीचा कॅमेरा विकत घेतला. उबाळ्यांच्या पिढ्यांत स्वतःचं हत्यार स्वतः आणणारा तो पहिलाच.

शालन माडीवर गेली. टेबलावर जोडकाम तसंच पडलं होतं. चिमट्यांना फिल्मच्या पट्ट्या लोंबत होत्या, दुष्काळाची एक, नव्या साखर कारखान्याच्या चिमणीची एक, बॉयलर चढवतानाची एक. आण्णा गेले ते कुर्डुवाडीच्या फलाटावर. मुंबईच्या लॅबमधून आणलेले डबे मांडीवर होते आणि शेजारच्या माणसाला वाटलं, झोप लागली असेल. डबे कुणीतरी आणून पोचवले. शालननं ते अजून उघडले नव्हते. तिनं कातडी पेटी उचलली. गेली आठ वर्षं ती हीच पेटी आण्णांच्या मागून वाहत होती. एस.टी.च्या टपावर ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची, एवढं एकच त्यांनी तिला दरडावून शिकवलं होतं.

खाली आई, केसरबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पलीकडे सोनाआत्या, रावसाहेब आणि आण्णांच्या मधली बहीण, तंबाखू मळत होती. शालननं पेटी पाटावर ठेवली.

"बसा सगळे," रावसाहेब म्हणाले. कारखान्याचे संचालक झाल्यापासून ते घरातही सभेत बोलल्यासारखं बोलत. "सिद्राम गेला. माझा पाठचा गेला. पर घर उघड्यावर पडू देनार न्हाई. धोंडू एक तारखेपास्नं कारखान्याच्या हापिसात बसल. चेअरमनच्या कानावर घातलंय. कॅमेरा कारखाना ठिवून घील. फिलमचे डबे आजच जीपमधून जातील. परवा गळिताची पयली मोळी हाय. तवा पुण्याचा मानूस येनार हाय, पुढचं तो बघंल."

"पुण्याचा कोण?" शालननं विचारलं.

"हाय एक. रंगीत काढतो."

"दोन वर्षं कारखाना उभा राहताना आण्णांनी काढला, आणि शेवटचं चित्र, मोळीचं, तो काढणार? नाव कुणाचं लागणार?"

"नाव गं कशाला लागतंय? कारखान्याचं नाव."

"आणि आण्णांचं काम?"

"केलं की त्यानं. कोन न्हाई म्हनतंय? घरचं काम म्हनून केलं. भावानं भावाचं केलं."

घरचं काम. हे दोन शब्द शालन लहानपणापासून ऐकत आली होती. ओळखीच्या माणसाचं काम घरचं असायचं, म्हणजे त्याचा कागद करायचा नाही. अनोळखी माणसाचं काम आलं की तो म्हणायचा, आधी काढून आणा, बघू, आवडलं तर ठेवू. चादरीच्या जाहिरातीची फिल्म काढून नेली की शेठजी म्हणायचे, चादर दिसते पण आमची मंडळी कुठं दिसतात. तंबूतल्या टॉकीजवाल्याला फुकट फिल्म हवी असायची. बँकेतला साहेब विचारायचा, दुकान कुठं आहे तुमचं? आण्णा पेटीवर हात ठेवून म्हणायचे, हे काय. साहेब हसायचा. आण्णाही हसायचे. शालनला त्या हसण्याचा राग यायचा, आणि अजूनही तो गेला नव्हता.

"काका," ती म्हणाली, "कागद नाही. म्हणजे कारखान्याचा आमच्यावर जसा हक्क नाही, तसा डब्यांवरही नाही. निगेटिव्ह लॅबमध्ये आण्णांच्या नावावर आहे. ती फिल्म मी पुरी करणार आहे. आठ वर्षं त्यांचं सगळं जोडकाम मीच केलंय."

"तू?" रावसाहेब हसले नाहीत. खरोखरच त्यांना कळलं नव्हतं. "अगं पोरीच्या जातीनं माडीवर बसून जोडलं ते वेगळं. कारखान्यावर हजार मानूस आसतंय. आन् उद्या तुजं लगीन झालं म्हंजे?"

"सत्तावीस वर्सं झालं न्हाई ते उद्या व्हतंय व्हय," सोनाआत्या तंबाखूतून म्हणाली. पाहुण्यांत कुणीतरी खाकरलं.

"ताई," धोंडीराम हळूच म्हणाला, "नको ना वाढवू. माझं काम होतंय."

शालननं आईकडे पाहिलं. केसरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खाली पाहिलं. थोरल्या दिराशी ती आयुष्यात समोरासमोर बोलली नव्हती. पण ती त्यांच्या बाजूची आहे हे तिच्या खाली पाहण्यातच कळत होतं. एका बाजूला लेकाची नोकरी, दुसऱ्या बाजूला एक काळी पेटी. तिला दोष तरी काय द्यायचा?

विरोध संपला असं धरून रावसाहेब मोकळे झाले. "डिसेंबरात मंडळाची निवडणूक हाय. गावोगाव पडदा लावायचा, फिलम दावायची. मोळीचं मागनं लावू. आधी पायाभरनी लावायची. बहात्तरच्या त्या उन्हात मी पयली कुदळ मारली, चेअरमनच्या बी आधी, ते लोकाला दिसाय पायजे. ते कुठल्या डब्यात हाय तेवढं दाव."

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. पुण्याच्या माणसानं डबे चाळले असते आणि त्याला काही सापडलं नसतं. पण शालन म्हणाली, "ते नाही."

"न्हाई म्हंजे?"

"पायाभरणीत तुम्ही नाही आहात, काका."

"खुळी हायस का? माझ्या म्होरं हुबा ऱ्हाऊन सिद्रामनं फिरवला की कॅमेरा. मी कुदळ वर धरून थांबलो व्हतो त्याच्यासाठी. घर्रर्र करत व्हता."

"कॅमेरा फिरत होता. आत रीळ नव्हतं."

ओसरीवरचे पाहुणे आत डोकावले.

शालननं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्तच लागलं असावं. रीळ सरकारी कोट्यावर मिळायचं, तेही सगळीकडे हात जोडून. एक रीळ म्हणजे तीन मिनिटांचंही चित्र नव्हे. पायाभरणीला आण्णांकडे दोनच रिळं होती. आणि कुदळीसमोर संचालक, त्यांचे जावई, त्यांची मंडळी, प्रत्येकाच्या गळ्यात हार, प्रत्येकाला चित्रात यायचं होतं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आत पाऊल टाकू दिलं नसतं. म्हणून आण्णांनी चावी भरली आणि रिकामा कॅमेरा सगळ्यांवरून फिरवला. मंडळी खूश होऊन मांडवात जेवायला गेली. मग आण्णांनी काळ्या पिशवीत हात घालून रीळ भरलं आणि मागं जाऊन पाया खणणाऱ्या बायकांचं चित्र घेतलं. रंभाबाई नावाची एक होती. डोक्यावर पाटी, पदराच्या झोळीत मूल. त्या दिवशीचं जे काही आहे ते तेवढंच.

सगळ्यात आधी बोलली ती सोनाआत्या. "म्हंजे माझ्या सुंदराच्या लग्नात बी?"

"लग्नाचं आहे, आत्या. वरातीचं नाही."

"वरातीत मी नाचले व्हते गं."

शालननं पेटीचा पट्टा सरळ केला.

"सात वर्सं इचारतीया त्याला. दर टायमाला म्हनायचा, मुंबईला धुवायला गेलंय. मी म्हनायची, आसं किती मळलंय त्ये." आत्यानं तंबाखू तोंडात टाकली. पाहुण्यांत एकदोघे हसले, आणि रावसाहेबांच्या तोंडाकडे बघून गप्प झाले.

रावसाहेबांचा चेहरा काळवंडला होता. "मी दोन वर्सं मंडळात सांगतोय. चेअरमनला सांगितलंय, पडद्यावर बघा म्हनून. गावोगाव सांगितलंय. आन् ह्यो मानूस माझ्या तोंडावर हसत व्हता? माती वाहनाऱ्या बायकांवर रीळ घालीवलं आन् सख्ख्या भावाला फशिवलं? चोर व्हता म्हनायचं मग. माझा भाऊ चोर व्हता."

"वन्सं," भिंतीपासून आवाज आला.

केसरबाईंनी मान वर केली नव्हती. पदर तसाच होता. पण आवाज सगळ्या घरात ऐकू जाईल असा होता. "वन्सं, त्यास्नी सांगा. आज तेरावं हाय. ह्या घरात जेवून, ह्याच घरच्या मानसाला चोर म्हनू नका म्हनावं. त्यास्नी सांगा, दोन वर्सं ह्येंच्या गाडीचं, रिळाचं, जेवनखानाचं कोनी इचारलं न्हवतं. घरचं काम म्हनत व्हते. घरच्यानं घरच्याला रिकामा कॅमेरा दावला तर चोरी कुठं झाली म्हनावं."

"दादा, ऐकलं का?" आत्या म्हणाली.

"मी भैरा न्हाई," रावसाहेब म्हणाले.

त्यांनी पेटीकडे पाहिलं. शालन त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा राग उतरत नव्हता, तो कुठंतरी आत जाऊन हिशेब करत होता. मंडळात शब्द दिलेला माणूस रागावून किती वेळ राहणार? शेवटी त्यांनी मांडीवर हात मारला.

"बरं. झालं ते गंगेला मिळालं. ऐक पोरी. तुला कॅमेरा पायजे नव्हं? ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुण्याच्याला न्हाई म्हनून सांगतो. मोळी तूच काढ. फकस्त त्याच दिवशी, कारखान्याच्या मागं पडीक जागा हाय, तितं मी कुदळ मारतो. हार घालतो. तेवढं घ्यायचं आन् पायाभरनीत जोडायचं. त्या मातीच्या बायका काढून टाक. कुनाला कळतंय? धोंडूची नोकरी बी ऱ्हातीया, तुझं काम बी ऱ्हातंय, सिद्रामचं नाव बी ऱ्हातंय. बोल."

घरातली हवा एकदम सैल झाली. पाहुण्यांनी माना हलवल्या. शहाणा माणूस, असं कुणीतरी म्हणालं. धोंडीराम टोपी सावरत बहिणीकडे असा बघत होता की तिला त्याच्याकडे बघवेना.

हो म्हणायचं. किती सोपं होतं. हो म्हणायचं आणि पडीक जागेवर जाऊन चावी भरायची, घर्रर्र करत रिकामा कॅमेरा फिरवायचा आणि वर्षभर म्हणत राहायचं, मुंबईला गेलंय, अजून आलं नाही. आण्णांनी हेच केलं असतं. जन्मभर हेच केलं होतं. आणि मग शालनला कळलं की गेले तेरा दिवस आपण काकांवर, शेठजींवर, बँकेवर चिडून आहोत असं वाटत होतं, पण सगळ्यात जास्त राग आण्णांवरच आहे. ज्या माणसाला रंभाबाईच्या पाटीखालची मान कशी घ्यायची हे कळत होतं, त्याला समोरच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. एकदा नाही. तो खोटं चित्र कधी काढत नव्हता, म्हणून खोटं बोलत राहिला. आणि त्या खोट्याचं सगळं ओझं कुर्डुवाडीच्या फलाटावर ठेवून निघून गेला. आता ते उचलायला आम्ही.

"नाही," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"कुदळीचं घेणार नाही. बायका काढणार नाही. आणि हो म्हणून रिकामा कॅमेराही फिरवणार नाही, काका. तुमच्या तोंडावर सांगते. नंतर विचारायला लागू नये म्हणून."

"कारखाना फिलम घेनार न्हाई मग."

"नका घेऊ."

"कोन घील? कुनाला इकशील?"

"माहीत नाही."

हे खरं होतं. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि ते सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उमटलेलं तिला दिसलं. आईच्याही.

रावसाहेब उठले. त्यांनी हळदकुंकवाचं ताट ओढलं, पेटी उघडली, कॅमेऱ्याला बोट टेकवलं. काळ्या लोखंडावर कुंकू नीट लागलं नाही, त्यांनी ते पुन्हा लावलं. "रीत ती रीत. धोंडू, हिकडं ये. हे हत्यार तुझं. पाया पड आन् घे. मग तू शब्द दे. तिला इचारतंय कोन?"

धोंडीराम उठला, वाकला, कॅमेरा घेतला. त्याला तो कसा धरायचा हे माहीत नव्हतं. लहान मूल घेतात तसा त्यानं तो दोन्ही हातांत धरला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. रावसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोल. डबे जीपमध्ये टाकायचे ना?"

धोंडीराम कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "काका, माझ्या नोकरीचं तुम्ही पहिल्यांदा कधी सांगितलं होतं?"

"आत्ता त्याचं काय?"

"पायाभरणीला सांगितलं. त्याच दिवशी. मी तिथं होतो. बॉयलर चढला तेव्हा सांगितलं, चिमणी झाली तेव्हा सांगितलं. दर वेळी आण्णा दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन निघायचे. अंगात ताप असला तरी. मला म्हणायचे, तुझं काम व्हायचंय रे." तो चिडला होता. शालननं त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "एक तारीख म्हणजे कुठली एक तारीख, काका?"

"तू बी तिच्यासारखाच व्हय?"

"नाही. मी तिच्यासारखा नाही." तो वळला आणि कॅमेरा त्यानं शालनच्या छातीशी जवळजवळ ढकलला. "घे. माझा शब्द ना? मग घे. पाया पडू नकोस माझ्या. आणि मला धन्यवाद द्यायचा नाही. मला नोकरी पाहिजे होती. आता या घरात काय शिजणार ते तू बघायचं, आईचं औषध तू बघायचं, आणि चार महिन्यांनी रडत माझ्याकडे यायचं नाही."

त्यानं टोपी काढून पाटावर ठेवली आणि परसात निघून गेला.

कॅमेरा जड होता. आठ वर्षं पेटीसकट वाहिला तरी इतका जड कधी लागला नव्हता. धोंडूच्या मागं जावं असं शालनला वाटलं. काय सांगणार होती ती त्याला? ती जागची हलली नाही.

रावसाहेबांनी जोडा पायात सरकवला. दारात थांबून ते म्हणाले, "वॉचमनला सांगून ठिवतो. सिद्राम उबाळ्याच्या घरचं कुत्रं बी परवा गेटाच्या आत दिसता कामा नये." जीप सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांच्याबरोबर आलेले चार पाहुणेही उठले. उरलेल्यांनी पानाचा डबा एकमेकांकडे सरकवला. आता कुणाच्या बाजूनं बोलायचं हे कुणालाच उमगत नव्हतं.

"झालं," सोनाआत्या म्हणाली. "आता मोळी कुटनं काढशील? भिंतीवर चढून?"

"मोळी नको मला. गेटाबाहेर उसाच्या गाड्या लागतील. त्या काढीन. रस्ता काही कारखान्याचा नाही."

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रस्त्यावर हुबं ऱ्हाऊन काय करतीस. आमचा ऊस जानार हाय परवा. पयल्या धा गाड्यांत नंबर हाय. कारखान्याचा शेर माझ्या नावावर हाय, दादाच्या न्हाई. सभासदाच्या गाडीत कोन बसलंय ते इचारनारा वॉचमन अजून जन्माला यायचाय. बस उसावर. गाडी आत, तू आत."

केसरबाईंनी मान वर केली. "वन्सं, दादांशी वाकडं येईल तुमचं."

"सरळ कधी व्हतं गं? बापाचं चाडं त्याला, जातं त्याच्या बायकूला. मला काय मिळालं, तंबाखूची चंची." आत्या शालनकडे वळली. "पर एक हाय. गाडीवर मी बसनार. लुगडं नवं नेसते. तेवढं माझं घ्यायचं, चांगलं, तोंड दिसंल आसं."

शालनच्या हातात आणून ठेवावी तशी ही वाट समोर आली होती. नाही म्हणायला काहीच कारण नव्हतं. माडीवर एकच कोरं रीळ होतं, आणि दुसरं कुठून आणायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"नाही, आत्या," ती म्हणाली. "बैल घेईन, ऊस घेईन, गाडीवाले घेईन. तुम्हाला घ्यायला पुरणार नाही. घेईन म्हणून फसवणारही नाही."

आत्याचं तंबाखू चघळणं थांबलं. केसरबाईंनी डोळे मिटले. सोनाबाई उठली, ओसरीच्या कडेला जाऊन पिचकारी टाकली, तोंड पुसलं, आणि परत येऊन भाचीसमोर उभी राहिली.

"बापापरीस खडूस हायस," ती म्हणाली. "पिशवी भर. आमच्या गावची साडेचारची यस्टी हाय."